एकशे बारा कोपरं

डोळे मीट, शूयिंग, म्हणतो फोस्को,
आणि हातात एक बाही देतो.
ही काश्मिरी. ही साधी लोकर.
ही लोकर असल्याचं सोंग.
एकावन्न वर्षं झाली त्याला
प्रातोच्या या शेडमध्ये, नदीच्या कडेला,
अजून चिंध्यांना तो चिंध्या म्हणू देत नाही.

कात्री चालते. बटणं डब्यात, अस्तर पायाशी,
लेबलं पंख्याच्या वाऱ्यावर कुठंही.
मग रंग. इथं कुणी काही रंगवत नाही.
शेवाळी हवा असेल तर
दोन पोती सैनिकी कोट,
अर्धं पोतं कुठल्याशा शाळेचे स्वेटर
आणि बिलियर्डच्या टेबलावरचं फाटकं कापड.
फोस्को मूठभर पिंजून उजेडात धरतो,
रश्शाची चव घ्यावी तसा थांबतो:
अजून थोडा करडा.

तीन गल्ल्या पलीकडे माझी आई
रात्रपाळीत नवे कपडे शिवते.
ते माझ्या टेबलावर कधीच येणार नाहीत,
त्यांत पिंजण्यासारखं काही नसतं.
हे मी तिला सांगितलेलं नाही.

दाराजवळ एक निळा डबा. त्यात रफू.
लोकरीच्या कोपराचं भोक
कुणीतरी सुती दोऱ्यानं भरलेलं;
यंत्राचे दात तिथं अडतात.
म्हणून कोपर कापायचं, पोळीएवढं गोल,
आणि टाकायचं.
एखादं नेटकं, एखादं रागारागानं आवळलेलं.
एकाला दोरा पुरला नाही,
अर्ध्यातून लाल लावलाय.
एक उलट्या बाजूनं चाललेलं.
डावखुरी असणार, फोस्को म्हणाला होता.

डिसेंबरभर मी तो डबा घरी नेला,
पिशवी-पिशवीनं.
कोट झाला तेव्हा इतका जड
की खुंटीच निखळली.
आईनं तो आधी आतून पाहिला.
तासाला असे किती होतील?
मी म्हटलं, हिवाळ्याला एक.
ती हसली नाही.
खांद्याची माझी शिवण उसवली
आणि पुन्हा घातली.

फोस्कोनं डोळे मिटले,
पाठीवरून बोटं फिरवत गेला,
एका जागी थांबला.
सुती, म्हणाला. चुकीचा दोरा.
हात मात्र काढला नाही.

लेबलावर काय लिहू?
कायद्यानं सांगावं लागतं, काय किती टक्के.
मोजलीस?
एकशे बारा.
मग तेच लिही.