सवारी

विट्यात, मायणी रस्त्याला,
बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये
रबराची निळी गादी अंथरली आहे.
कडेला दोन माग अजून तसेच,
गिऱ्हाईक न मिळालेले.
सुताची तुसं कुठून कुठून उडतात
आणि घामाला चिकटतात.

शिकवतो ओजस मुळीक. वय सव्वीस.
बाप कोइंबतूरला सोनं गाळतो.
पोरगं तिकडंच वाढलं, हे तिकडंच शिकलं,
चुलत्याच्या लग्नाला म्हणून आलं ते राहिलं.
आकडे अजून तमिळमध्ये मोजतं.
मला पैलवान म्हणतं, आणि पुढच्याच शब्दाला
चूक काढतं.

मी त्रेचाळीस. दोन्ही कान मोडलेले.
बारा वर्षं जत्रांतून लढलो
आणि एवढीच एक गोष्ट सांभाळली : पाठ.
वस्ताद म्हणायचे, पाठीला माती लागली
तर त्या दिवशी भाकरी मागायची नाही.
मी अजून झोपतो कुशीवर.

पहिल्या दिवशी ओजस म्हणाला,
पैलवान, पाठीवर पडा.
म्हटलं, मग कुस्ती संपली की रे.
म्हणाला, इथं तिथनं सुरू होते.

तरन्नुम मुलाणी. मेडिकलच्या दुकानात असते. बावन्न किलो.
"सॉरी हं काका," म्हणाली
आणि माझ्या पोटावर बसली.
मी पूल केला. गेली नाही.
परत केला, सगळ्या अंगानिशी,
ज्या पुलावरनं एकदा भाळवणीच्या मैदानात
शंभर किलोचा गडी उडाला होता, तो.
टेंपोच्या हौद्यात उभा माणूस
खड्डा आला की गुडघ्यात जरासा मोडतो,
तशी मोडली, एक हात गादीला टेकला,
आणि होती तिथंच.
धरलं नव्हतं तिनं मला कुठंच.

याला माउंट म्हणतात, ओजस म्हणाला.
मला आबू आठवलं.
लग्न झाल्यावर जाऊया म्हणाली होती बायको.
राहिलं ते.

मग मला वर बसवलं.
गुडघे वर, काखेपर्यंत न्या.
टाचा आत.
बूड जड, मान हलकी.
आणि धरू नका, पैलवान, धरलं की तुम्ही त्याचे झालात.
हे पटायला अडीच महिने गेले.
आमच्यात कब्जा म्हणजे मूठ.
माझी मूठ सुटेना,
आणि जिथं मूठ तिथनंच मी उलटा.
तरन्नुमनं उलटवलं, कॉलेजच्या पोरांनी उलटवलं,
पतसंस्थेतले चष्मेवाले हजारे सर,
त्यांनीसुद्धा.
उलटवून वर विचारलं, लागलं नाही ना?

परवा संध्याकाळी लाइट गेली.
शेजारच्या शेडमधले चालू मागही थांबले.
एवढं शांत विटं मी कधी ऐकलं नव्हतं.
मी वर, तरन्नुम खाली.
तिचा श्वास कळायला लागला.
उजवीकडे जायच्या आधी
तिची कंबर उजवीकडे जायचा विचार करते, तेही कळलं.
मी माझा श्वास सोडला
आणि भार आपोआप खाली गेला,
पोतं टेकतं तसा.
मुठी कधी उघडल्या, माहीत नाही.
ओण्णु, रेंडु, मूणु,
ओजस अंधारात मोजत होता.

आमची सवारी मागनं असते.
बारा वर्षं मी मानगुटीच बघितल्या.
खालच्याचं तोंड
हे पहिल्यांदा बघत होतो.
भ्यायलेलं नव्हतं. हिशोब करत होतं,
औषधाच्या पट्टीतल्या गोळ्या मोजताना करते तसा.

ते बघायला लागलो तेवढ्यात
तिनं माझा एक हात अडकवला, पाय अडकवला,
आणि मी पाठीवर.

इरुवदुपर्यंत गेला होतात, ओजस म्हणाला.
म्हणजे वीस.
उठा, पुन्हा.

म्हटलं थांब रे जरा.
पत्र्याला भोकं किती आहेत, मोजू दे.
बाहेर उजेड आहे तोवर.
लाइट आली की दिसायची नाहीत.