तेविसावा गट

चारशे बारा पोरं, आणि खुर्च्या साऱ्या
बोल्टांनी जमिनीला जखडलेल्या.
लुसाकाचा ऑक्टोबर, वर तापलेला पत्रा.
शिपाई बांडा म्हणाला, "खुर्च्या फिरायच्या नाहीत, मॅडम,
माणसंच फिरवा."

म्हणून विषम रांगांना सांगितलं : मागे वळा,
खुर्चीवर गुडघे टेका, पाठीवर हनुवटी,
समोरच्याच्या डोळ्यांत बघा.
तिघं इकडचे, तिघं तिकडचे. झाला गट.
असे अडुसष्ट. चौघं उरले पायऱ्यांवर,
त्यांचाही एक.

पहिल्या गुरुवारी नुसती खिदळली.
दुसऱ्या गुरुवारी मित्र मित्रांना जाऊन चिकटले,
बाकीचे मिठाची गुळणी धरून.
तिसऱ्या गुरुवारी मी नियम केला :
ज्याला बोलता येतं
त्यानं आज फक्त लिहायचं.

मग आवाज चढला. न्यांजा, बेंबा, टोंगा,
मध्येच कुणाचं तरी खो खो हसू.
इंग्रजी तेवढी कागदावर.

प्रश्न साधाच होता, पुस्तकातला :
विहिरीपासून संडास किती लांब हवा?
कागद येत गेले. तीस मीटर.
तीस मीटर. तीस. (एकानं तिनावर
दोनदा गिरवलेलं.)

तेविसाव्या गटाचा कागद येईना.
बघते तर लुयांडो,
जिचा आवाज मी सप्टेंबरपासून ऐकला नव्हता,
मधल्या वाटेनं पावलं टाकत चाललेली
आणि तिच्या मागून तिचा अख्खा गट, मोजत.
अकराव्या पावलाला ती खांबापाशी थांबली.
"आमचं अंगण इथं संपतं," म्हणाली.
"तीस मीटर म्हणजे
शेजारणीच्या चुलीवर."

कुणी हसलं नाही.
पायऱ्यांवरच्या चौघांतला एक उठला,
"आमचं नऊ," म्हणाला, आणि परत बसला.
मग मागून कुणीतरी सात.

मी फळ्यावर आकडे लिहीत राहिले.
दारावर कायद्याच्या वर्गाची थाप पडेपर्यंत
लिहीत राहिले.
त्यांनी पुसले असतील. फळा त्यांचाही आहे.

बाहेर सितुंबेको आडवा आला, फणफणत :
"बरोबर उत्तर मला येत होतं, मॅडम.
ह्यांनी लिहू दिलं नाही.
आता मार्क कुणाचे जाणार?"
त्याचंही खोटं नव्हतं.
पुढच्या गुरुवारी सांगते, म्हटलं.

रात्री वीज गेलेली. एकोणसत्तर कागद टेबलावर,
लाल पेन टोपणात.
फोनच्या उजेडात परसदारी उतरले,
विहिरीच्या कठड्याला पाठ लावली
आणि निघाले.
शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.
तेरा. चौदा.
का पंधरा?
कुत्र्यानं घोळ केला.
परत पहिल्यापासून.