खाकी ड्रिलवरचा माळ

रास्ता पेठेत, चुलत्याच्या शिलाईच्या टेबलावर
पाच वार खाकी ड्रिल पसरलं होतं
आणि त्यावर खळदकर खडूने माळ काढत होते.
सर्व्हे ऑफिसातले ट्रेसर. हात हलायचा नाही.

"ही पाटसची सडक. हा फाटा.
पूर्वेला सगळं इनामाचं गवत,
मालक साताऱ्याला, शिक्का मुनिमाकडे,
आणि मुनीम पाच रुपयांखाली तोंड उघडत नाही.
उत्तरेला फॉरेस्ट. पास एक, नर एक,
तोही पंधरा डिसेंबरच्या आत.
दक्षिणेला लष्कराची चांदमारी.
लाल बावटा दिसला की मागं वळायचं."

चुलत्याने बटणं मांडली.
पांढरी म्हणजे माद्या,
ओव्हरकोटाचं मोठं काळं म्हणजे तो, काळवीट.
अंगुस्तान म्हणजे बंदूक.

उरली एकच वाट:
कालव्याच्या फरशीवरून, ओढ्यातून, बाभळीपर्यंत.
दोन बोटं रुंद.
"पुरे," खळदकर म्हणाले.
चुलत्याने तरी टेप लावून पाहिला.

तीन रविवार हेच. दशम्या किती,
यष्टी कुठली, बंदूक गोधडीत की सतरंजीत.
मी इस्त्रीतले निखारे फुंकत ऐकायचो.

उंबऱ्यावर फुलशा बसलेला असायचा. फासेपारधी.
वाट दाखवायला आणलेला; विचारलं कुणी नव्हतं.
त्याच माळावर, तुरीच्या बांधाला, तो जन्मला.
तिथं उतरायचं तर आजही
आधी चौकीत नाव सांगायचं,
कायदा उठून बारा वर्षं झाली तरी.

चौथ्या रविवारी तो उठून आत आला.
खडूच्या रेषा पाहिल्या.
थुंकी लावून बोट हवेत धरलं,
रास्ता पेठेत, जिथं वारा म्हणजे
शेजारच्या भज्यांचं तळण.
"थंडीत वारा तुमच्या पाठीकडनं," म्हणाला.
"तुम्ही फरशीवर पाय ठिवाल
तवा त्यो हिकडं असंल."
आणि काळं बटण उचलून
टेबलाच्या कडेपलीकडे,
माझ्या हातावर ठेवलं.

खळदकर खडू झटकत राहिले.
पंधरा डिसेंबर मंगळवारी आला
आणि गेला.

जूनमध्ये त्याच ड्रिलची
माझी शाळेची चड्डी झाली.
बाहेरून काही दिसत नव्हतं. आत, शिवणीला,
ओढा राहिला होता, अर्धी बाभूळ,
आणि लष्कराची हद्द
नेमकी खिशाच्या तोंडाशी.

भूगोलाच्या तासाला मी हळूच
दोन बोटं आत सरकवायचो,
कुणाला न विचारता.
बटण दर वेळी
दुसऱ्याच कोपऱ्यात असायचं.