विष्णुपुरीचा थांबा

दीक्षा म्हणते, आई, पुण्याचा विचार कर, तिथं नाव आहे.
भाऊजी म्हणतात, मुक्तच बरं,
पुस्तकं घरपोच, कुणाला कळतही नाही.
संभाजीनगरचं माहितीपत्रक
माझ्या बॅगेत सुट्ट्यांच्या कप्प्यात पडून आहे,
त्याला नाण्यांचा वास लागला.

अर्जात रकाना: शिक्षणातील खंडाचे कारण.
दोन बोटं जागा.
एकवीस वर्षं.
लिहिलं, गंगाखेड आगार.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.

सकाळी सहा चाळीसची नांदेड.
पालम, लोहा, सोनखेड,
मग विद्यापीठाच्या कमानीशी
निम्मी पोरं एकदम उठतात.
कुणाचा पास संपलेला असतो,
मी बघून न बघितल्यासारखं करते,
दार ओढते, दोन घंट्या देते.
हजारदा दिल्या असतील.

चांगलं विद्यापीठ कोणतं, मला काय कळावं?
मला टप्पे कळतात,
संध्याकाळची शेवटची गाडी कळते.

काल सुट्टी. साडी नेसून
माझ्याच गाडीत खिडकीशी बसले.
"आज कुठं निघालीस?" गफूरमामू, आरशातून.
"बघायलेय," म्हणलं.
कंडक्टर नवा पोरगा.
सवयीनं 'स्टाफ' म्हणणार होते.
म्हणलं, एक महिला, विष्णुपुरी.
सुट्टे मोजून दिले.

कमान आली. पोरं उठली. मीही.
उतरल्यावर मागं दोन घंट्या वाजल्या,
गाडी मला तिथं ठेवून गेली.

गेटवरचा माणूस म्हणाला,
पालकांची रांग तिकडं.
मी म्हणलं, हाव,
आणि पोरांच्या मागं उभी राहिले.