लुटुपुटूचं

मार्केट रेझनच्या बाहेर, बिटाच्या शेतांना लागून
आमची धावपट्टी. युद्धातली. भेगांत शेवाळ.
इथे मी पाना चालवतो, तेल बदलतो, सही करतो.
सही महत्त्वाची.

दर मंगळवारी हॅलम माणसांना पडायला शिकवायचा.
दीड हजार फुटांवर थ्रॉटल मिटवायचा
आणि म्हणायचा, चला, इंजिन गेलं.
गेलेलं नसायचं.
आत पुटपुटत असायचं,
झोपेचं सोंग घेतलेल्या पोरासारखं.

मग डावा हात खाली. लगेच.
विचाराला तिथे सवड नाही, सवय हवी.
खालून येणारा वारा पाती फिरवत ठेवतो,
पडणं हेच इंधन होतं.
जमिनीजवळ नाक उचलायचं, वेग सांडायचा,
थ्रॉटल उघडून पुन्हा वर.
चहाच्या वेळी हॅलम विचारायचा, मेलात का?
नाही.
मग या पुढच्या मंगळवारी.

टॅमसिन वॉर्बी गुरांची डॉक्टर. अठ्ठावीस तास झाले होते तिचे.
येताना घरच्या कोंबड्यांची अंडी आणायची, उगाच, सगळ्यांना.

मी दारात हात पुसत उभा होतो.
आवाज मिटला. तो मिटायचाच होता.
मला मोजायची खोड आहे,
पंचेचाळीस-पन्नासला तो परत येतो.
त्रेपन्न.
चोपन्न.
नंतरचे आकडे मी मोजले,
पण ते कशाचे होते सांगता येणार नाही.

सरकारी माणसं आली. माझ्या वह्या नेल्या,
इंजिन टेबलावर सुटं केलं,
प्लग, फिल्टर, कार्ब्युरेटर, एकेक.
सात महिन्यांनी कागद आला:
इंजिनात दोष आढळला नाही.
बायको म्हणाली, सुटलास.
हो, सुटलो.
ते बिचारं शेवटपर्यंत जिवंत होतं,
त्याला फक्त हाक उशिरा गेली.

बावीस वर्षांत इथे खऱ्या बिघाडाने
कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही.

लहानपणी लुटुपुटूच्या लढाईत
मी धाकट्याचा दात पाडला होता.
खेळच चालला होता, असं मी आईला सांगत राहिलो,
आणि तो हातावर दात घेऊन उभा,
रडायचंही विसरून.

सहा अंडी कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये महिनाभर होती.
कुणी हात लावला नाही, कुणी टाकलीही नाहीत.
मग एकदा नव्हती.

आता ग्वेनिथ शिकवते. अँगलसीची, कमी बोलणारी.
मी विचारलं, हे अजून करायचंच का?
ती हातमोजे चढवत म्हणाली,
न शिकवता सोडू का त्यांना वर?
यावर माझ्याकडे काही नव्हतं.
सकाळी मी सही केली.

आज मंगळवार.
आवाज मिटलाय.
पाना बोल्टवर आहे, फिरवत नाही.
शेतात एक ससा कान उभारून थांबलाय,
तो कशासाठी कोण जाणे.
एकोणचाळीस.
चाळीस.