काना

गंगापूर रोडच्या भाड्याच्या खोलीत
यंत्राचा पंखा रात्रभर घरघरतो.
सत्तावीस प्राण्यांच्या सत्तावीस ओळी
मी एकाखाली एक लावल्या आहेत:
ए, टी, जी, सी, परत ए,
पाढे म्हणता म्हणता पेंगलेल्या पोराची बडबड.
परवा एक कंस विसरले
तर वंशवृक्षावर उंदीर थेट शेळीच्या पोटी जन्मला.
पहाटे तीनला एकटीच हसले.

माझ्या जनुकाचं नाव गुलो.
गल्लीत हाक मारली तर एखादी परकरी पोर "ओ" देईल असं.
शेळीत ते धडधाकट आहे.
शेळी आपलं क जीवनसत्त्व आपल्या यकृतात बनवते,
बाभळीचा पाला चघळत, कुणाचे उपकार न घेता.
आपल्यात मात्र बारापैकी चार-पाच तुकडे उरलेत,
तेही मोडके.
शरीर ते टाकत नाही, वापरत नाही,
नुसतं उतरवत राहतं,
आईकडून लेकीकडे, लेकीकडून तिच्या लेकीकडे.

आत्याच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो
तेव्हा विनायक गुरुजींनी लाल फडक्याची गाठ सोडली.
"गाव?"
"ठाणगाव, तालुका सिन्नर."
बोट आडव्या लांब पानावरून उतरत गेलं.
"रंभाजी… त्यांचे कोंडाजी… हे बघा तुम्ही. ठणगाव."
काना नव्हता.
आधीचा चोपडा काढला, वाळवीने कडा खाल्लेला. ठणगाव.
पलीकडच्या ओट्यावरून चुलतभावाचा मागवला. ठणगाव.
तीन हात, तीन शाया,
आणि एकच गळलेला काना.
"कुणा पूर्वजाला डुलकी लागली असेल," गुरुजी म्हणाले.
"मग पुढच्याने दुरुस्त नाही केलं?"
"आमचं काम उतरवायचं, बाई. शहाणपण करायचं नाही."

त्यांना कसं सांगू, मी त्यांच्याच धंद्यातली.
बरोबर अक्षर कोणीही लिहील,
त्यावरून नातं लागत नाही.
एकाच जागी एकच चूक सापडली
की समजायचं, या वह्या एका वहीच्या पोटच्या.
गिनीपिगचंही गुलो मोडलंय,
पण त्याची मोड त्याची, आपली आपली.
वानराची ओळ मात्र माझ्या ओळीखाली सरकवली
आणि जिथे माझं अक्षर गळलंय
तिथेच त्याचंही.
सहा कोटी वर्षांपूर्वी
कुणाला तरी डुलकी लागली होती.
पोट फळांनी भरलेलं होतं,
त्यामुळे चूक कुणाच्या लक्षातच आली नाही.

रविवारी अंजनेरीच्या पायऱ्यांवर
एका वानरिणीने माझ्या हातातला पेरू ओढून नेला.
कठड्यावर बसून, पाठमोरी होऊन, बियांसकट खाल्ला.
खालून कुणी ओरडलं, "काठी उचला, काठी!"
मी नाही उचलली.
तिच्या घरी बनत नाही, माझ्याही घरी बनत नाही,
दोघींनाही बाहेरूनच आणावं लागतं.

हे शोधनिबंधात येणार नाही.
तिथे संभाव्यता येईल, दशांश चिन्हानंतर चार घरं,
आणि परांजपे मॅडम समासात लिहितील:
नमुने किती?

तर त्या दिवशीची गोष्ट अर्धीच सांगितली.
चोपड्यात नवी नोंद करायची होती.
आत्याचं नाव, सुगंधा. तिथी. आणलं कुणी.
गुरुजींनी बॉलपेन पुढे केलं, टोपण दातात धरून विचारलं,
"गाव तेच ना? ठणगाव?"
कुंडात कुणाचा तरी द्रोण
पायरीला लागून पुन्हा पुन्हा मागे जात होता.
आत्या शाळामास्तरीण होती. तिने
ऱ्हस्व-दीर्घासाठी माझे कान पिळले होते.

"हो," मी म्हटलं,
आणि काना न देता
गाव लिहिलं.