या कानाचं त्या कानाला

तिबिलिसीत कोरड्या पुलावर जुना बाजार भरतो.
खालचं पाणी कधीच निघून गेलंय,
वर पसरलेत समोवार, पदकं, काचेच्या सिरिंजा,
आणि मालखाजच्या घोंगडीवर
तीन साउंड कार्डं,
नुकती धरलेली मासळी मांडावी तशी.

पहिलं चकचकीत. निळा दिवा. इतकं हलकं
की केबल लावली तर केबलच त्याला टेबलाखाली ओढून नेईल.
आउटपुट एकच.
"लग्नाला पुरेल," मालखाज म्हणाला.

लग्नाचं मला नको सांगू, मालखाज.
कुताइसीत मावसबहिणीच्या लग्नात
लॅपटॉपच्या एकुलत्या एका भोकातून
मी दोनशे माणसं नाचवत होते,
आणि पुढचं गाणं शोधायला गेले
तर माझं शोधणंच स्पीकरवर गेलं.
अर्धं गाणं, पाव गाणं, भलतंच गाणं,
मग टिंग! कुणाचा तरी मेसेज.
हातात वाइनचं शिंग घेऊन तामादा उभा होता.
"हरवलेल्या गाण्यांच्या नावानं!" तो म्हणाला,
आणि सगळ्यांनी प्यायली.
मी सोडून.

मला दोन वाटा हव्यात.
एक खोलीकडे, एक माझ्या कानाकडे.
दिवसा मी औषधाच्या दुकानात असते;
डॉक्टरचं अक्षर आधी मनात वाचते,
मग गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगते.
मधला जो क्षण असतो, चष्मा पुसायचा,
तेवढाच विकत घ्यायचाय.

दुसऱ्या कार्डाला चार आउटपुट, पण अ‍ॅडॉप्टर विटेएवढा.
रुस्तावीच्या तळघरात प्लग एकच आहे
आणि त्याला त्सोत्नेचा फ्रीज लावलेला.
गाणं थांबलं तर त्सोत्ने काही बोलणार नाही,
बिअर कोमट झाली तर मात्र
पुढचा शनिवार दुसऱ्या कुणाला देईल.

तिसरं: करड्या पत्र्याचं, मुठीत मावणारं,
एक कोपरा चेपलेला.
वीज यूएसबीतूनच पितं.
मी पुलाच्या कठड्यावर लॅपटॉप उघडला.
बफर पाचशे बारावर बोट आधी पडलं, आवाज मागून आला,
परगावच्या फोनसारखा.
चौसष्टवर तडतडलं,
शेजारी कुणी सूर्यफुलाच्या बिया फोडतंय असं.
खरंच फोडत होता. पदकंवाला.
त्याला थांब म्हटलं, परत ऐकलं.
तरी तडतडत होतं.
एकशे अठ्ठावीसवर बोट आणि आवाज
एकदम दारात आले.

हेडफोनचं बटण खरखरतं.
"त्यात वाळू आहे," मालखाज म्हणाला. "बातुमीची."
"आधी कुणाचं होतं?"
"एका पोराचं. आता पोलंडमध्ये ट्रक चालवतो."
ऐंशी लारी म्हणाला, मी साठ, तो ऐंशीच,
मग सत्तर, आणि वर एक केबल,
जी त्यानं खिशातून काढली,
म्हणजे द्यायचं आधीच ठरलं होतं.

घरी उलटं केलं तेव्हा तळाशी चिकटपट्टी दिसली,
पेनाची शाई फिकट झालेली:
एक–दोन, लोक.
तीन–चार, मी.

पट्टी काढली नाही.
फक्त यूएसबीचं भोक सैल होतं, तिथं दुसरी लावली.

आता रात्रीचे दोन.
रुस्तावीत भिंतींना घाम आलाय,
नुत्सा, आवाज वाढव, कुणीतरी ओरडतंय.
डावा कान खोलीत आहे,
उजव्यात एक गाणं येऊन थांबलंय,
त्याला अजून कुणी पाहिलेलं नाही.
या कानाचं त्या कानाला कळू देत नाही,
आणखी सोळा ठोके.
बारा.
अंगठ्याखाली बातुमीची वाळू खरखरते,
आणि पोलंडच्या कुठल्यातरी हायवेवर
एकाचा रेडिओ
चालू असेल, किंवा नसेल.
आठ.